लकव्यात बाबांची वाचा गेली, शिवी मात्र राहिली

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण इथं मास्तर, डॉक्टर, भाषेचे अभ्यासक असे सगळे वाचतात म्हणून विचारतोय.

आम्ही गंगाखेडचे. दिवाळीनंतर बाबांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. नातवंडं जवळ आली की चेहरा फुलतो, चहा देऊ का विचारलं तर मान हलवतात. पण स्वतः बोलायला गेले की शब्द सापडत नाही. "पाणी" म्हणायचं तर "प... प..." करून थांबतात आणि चिडतात. आणि त्याच तोंडातून, कूस बदलताना खांदा दुखला की मायवरची अख्खी शिवी बाहेर पडते. एक अक्षर अडखळत नाही.

बाबा माळकरी. रानात बैल अडला तरी "विठ्ठला, पांडुरंगा" म्हणणारा माणूस. आम्ही भावंडांनी त्यांच्या तोंडून कधी शिवी ऐकलेली नाही. भेटायला आलेले लोक आता ओट्यावर बसून बोलायलेत, "माळ वरून होती, आत हेच भरलेलं होतं." ताईनं ते ऐकलं आणि तेव्हापासून ती कुणी आलं की बाबांच्या खोलीचं दार लावून घेते.

आणखी एक गोष्ट आहे. संध्याकाळी मोबाइलवर हरिपाठ लावला की बाबा सोबत म्हणतात. चरणच्या चरण, स्वच्छ. साधं "पाणी" येत नाही आणि हरिपाठ येतो, शिवी येते. हे काय आहे? आणि शिवी दिली की आम्ही टोकायचं का सोडून द्यायचं?

वाचावेल

दादा, मी नांदेडला स्पीच थेरपिस्ट आहे. असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात, आणि पुष्कळदा घरचे लोक पेशंटच्या मुक्या होण्यापेक्षा शिवीनंच जास्त खचलेले असतात. म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांना झालंय त्याला वाचाघात म्हणतात. उजवं अंग गेलं म्हणजे मार डाव्या मेंदूला बसलाय. शब्द शोधायचा आणि तो जुळवून नवं वाक्य रचायचं, हे काम बहुतेक माणसांत डावा मेंदू करतो. "पाणी दे" एवढंसं वाक्यसुद्धा त्या त्या वेळी नव्यानं रचावं लागतं. शिवी रचावी लागत नाही, ती अख्खीच्या अख्खी तयार असते. एक ते दहा आकडे, वारांची नावं, आरती, पाढे, "अरे देवा" हे सगळं त्याच जातीचं बोलणं. त्याला उजव्या मेंदूचा, मेंदूत खोल असलेल्या बेसल गँग्लियाचा आणि भावनांशी जोडलेल्या भागांचा मोठा आधार असतो. डाव्या मेंदूला मार बसूनही ते टिकतं ते त्यामुळे.

हे डॉक्टर लोकांना दीडशे वर्षांपासून माहीत आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या पेशंटवरून डाव्या मेंदूचं वाचेचं केंद्र दाखवलं, तो पेशंट काही विचारलं तरी "टान, टान" एवढंच म्हणायचा. पण संतापला की देवाच्या नावानं एक पूर्ण फ्रेंच शिवी द्यायचा. पुढं इंग्लंडमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी यावरूनच विचार करून बोलणं आणि आपोआप बोलणं अशी फोड केली.

तुमच्या हरिपाठाबद्दल वाचलं आणि मला एक उलटी केस आठवली. १९९३ साली छापली गेली होती. ७५ वर्षांचे एक ज्यू गृहस्थ, हिब्रू आणि फ्रेंच बोलणारे. त्यांच्या उजव्या बाजूच्या बेसल गँग्लियात रक्तस्राव झाला. रोजचं बोलणं नीट राहिलं. पण आयुष्यभर रोज म्हटलेल्या प्रार्थना त्यांना म्हणता येईनात, गाणी येईनात, आणि शिवीसुद्धा देता येईना. म्हणजे प्रार्थना आणि शिवी दोन्ही सोबतच गेल्या. तुमच्या बाबांच्या दोन्ही सोबतच राहिल्यात. ओट्यावर बसणाऱ्यांना हे जरूर सांगा. आत काय "भरलेलं होतं" याचा हा पुरावा नाही. कोणता भाग वाचला, एवढंच यातून कळतं. बाबांनी शिवी कधी दिली नसेल, पण बाजारात, एसटी स्टँडवर, रानात आयुष्यभर ऐकली तर असणारच. कानावर पडलेलं साठतं.

आता कामाचं. लाज वाटेल असं टोकू नका. त्यांना आपण काय बोललो ते बऱ्याचदा बोलून झाल्यावर कळतं आणि त्याचा त्रासही होतो. हरिपाठाचा उपयोग करून घ्या. १९७३ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सुरावर आधारलेली एक उपचारपद्धत मांडली, ती आजही वापरतात. पेशंटच्या डाव्या हातानं ताल धरायचा आणि "पाणी दे", "चहा नको" अशी रोजची वाक्यं सुरात म्हणवून घ्यायची. बाबांना सूर पाठ आहे, तुमची अर्धी मेहनत वाचली. पण उशीर करू नका. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते. परभणीत किंवा नांदेडात थेरपिस्टला आठवड्याच्या आत दाखवा.

बालाघाट

ताई, किती नीट समजावलंत. माझ्या चुलत्यांच्या वेळी हे सांगणारं कुणी असतं तर त्यांचे शेवटचे दिवस वेगळे गेले असते.

गोदाकाठ, तुम्ही गंगाखेडचे म्हणता. जनाबाई तुमच्याच गावची. तिच्या एका अभंगात ती अंगणात उभी राहून विठ्ठलाला "विठ्या" म्हणते, "कारट्या" म्हणते, त्याची बायको विधवा झाली म्हणते, आणि शेवटच्या चरणात स्वतःच सांगते की दासी जनी शिव्या देते आहे. वारकऱ्यांनी तो अभंग सातशे वर्षं जपला. भक्तीत शिवी बसत नाही असं ओट्यावरच्या मंडळींना वाटत असेल तर त्यांनी आधी जनीला बाहेर काढावं.

मी अंबाजोगाईच्या बाजूला शाळेत शिकवतो आणि पोरांची कबड्डी घेतो. पोरगं पडलं, गुडघा फुटला की शिवी निघतेच. इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी यावर प्रयोग केला, २००९ साली प्रसिद्ध झाला. ६७ विद्यार्थी. बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवायचा आणि सहन होईल तोवर ठेवायचा. एकदा आवडती शिवी घोकत आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द घोकत. शिवी घोकताना मुलांनी सरासरी ४४ सेकंद आणि मुलींनी ३७ सेकंद जास्त कळ काढली. छातीचे ठोकेही वाढले, म्हणजे शरीर झुंजायला तयार होतं तसं काहीतरी होतं.

मला त्यांचे पुढचे दोन निष्कर्ष जास्त महत्त्वाचे वाटतात. २०११ साली दिसलं की जो दिवसभर शिव्याच देतो त्याला हा फायदा कमी मिळतो. आणि २०२० साली त्यांनी शिवीसारखे वाटणारे बनावट शब्द वापरून पाहिले, तर दुखणं सोसण्याची ताकद काही वाढली नाही. म्हणजे जोर नुसत्या आवाजात नाही. लहानपणी ज्या शब्दावर गालफडात बसलेली असते, जो शब्द घरात काढायचा नसतो, त्याच शब्दात तो असतो. बंदी आहे म्हणून ताकद आहे.

कपाशी

वाचायलोय सगळं. आमच्याकडं गेवराईच्या बाजूला ग्रामसभेत शिवीबंदीचा ठराव आणायचं चाललंय. सौंदाळ्यानं केला तसा. दंड ५०० रुपये. आता तुम्ही म्हणायलात शिवीनं कळ सोसते, मग दंड कशाला? माणूस दिवसभर उन्हात मरतो, बैलाला, मोटारीला, लाइटवाल्याला शिवी हासडली तर कुणाचं काय गेलं?

मांजराकाठची

कपाशी दादा, सौंदाळ्याचा ठराव नीट बघा. नेवासा तालुक्यातल्या त्या गावानं नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत दंड लावला तो आई-बहिणीवरून दिलेल्या शिवीला. मोटारीवर वैतागणाऱ्या माणसाला नाही. भांडण दोन पुरुषांचं, बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून, आणि उद्धार कुणाचा? घरी भाकरी थापत बसलेल्या बाईचा. ती तिथं नसतेच. तिच्या शरीरावर बोलून तिच्या नवऱ्याला, पोराला, भावाला खाली दाखवायचं. ही शिवी तेव्हाच लागते जेव्हा दोघांनाही मान्य असतं की घराची अब्रू बाईत असते आणि तिचा मालक पुरुष असतो. हे मान्य नसेल तर त्या शब्दांत काय उरतं?

माझी आजी औशाकडची. तोंडानं फार तिखट. पण तिच्या शिव्या वेगळ्या होत्या. "तुला पटकी आली", "तुझा मुडदा बशिवला", "तुझं तळपट झालं", "तुझ्या तोंडात माती पडली". रोग आणि मरण. पटकी म्हणजे कॉलरा. एका दिवसात घरंच्या घरं रिकामी करणारा रोग तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता, त्याची भीती तिच्या शिवीत उतरली. मला वाटायचं हे फक्त आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं आहे. पण डच भाषेत आजही कॉलरा, टायफस, क्षय, कॅन्सर यांच्या नावानं शिव्या देतात. पोलिश माणूस वैतागला की नुसतं "कॉलरा" म्हणतो. तिकडं कॅनडात क्विबेकचे फ्रेंच लोक चर्चमधल्या पवित्र वस्तूंच्या नावानं शिव्या देतात, कारण तिथं पिढ्यान् पिढ्या चर्चचा धाक होता. समाज ज्याला घाबरतो आणि ज्याला झाकून ठेवतो, त्यातूनच शिवी निघते. आपल्याकडं सगळ्यात जास्त काय झाकून ठेवलंय ते आपल्या शिव्यांवरून कळतं.

आजीची शिवी निदान ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यावरच पडायची. अर्थात "रांड" हा शब्दही तिच्या तोंडात होता, आणि ती स्वतः तिशीच्या आत विधवा झालेली होती. तो शब्द तिला आयुष्यभर ऐकावा लागला आणि तोच ती दुसऱ्या बायांना द्यायची. हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

अंतःस्थ

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी, संभाजीनगरला. कपाशी काकांच्या प्रश्नाला व्याकरणातून उत्तर आहे असं मला वाटतं.

मराठीत आपण वैतागून "च्यायला" म्हणतो, आपल्याकडं "मायला", "तिच्या मायला" म्हणतात. मूळ वाक्य "त्याच्या आईला" असं सुरू होतं आणि पुढं क्रियापद असतं. खरी शिवी त्या क्रियापदात आहे. आपण क्रियापद पूर्ण गाळलं आणि "त्याच्या"चा सुरुवातीचा तुकडाही गाळला. नुसतं कर्म राहिलं, तेही विभक्तीच्या प्रत्ययासकट. आता त्यात कुणाची आई उरली नाही. बस चुकली की आपण "च्यायला" म्हणतो, मुलगा पहिला आला तरी "च्यायला, भारीच!" म्हणतो. अशी झिजून सौम्य झालेली रूपं जगभर सापडतात.

ध्वनीचा भागही मजेशीर आहे. २०२२ मध्ये शिरी लेव्ह-आरी आणि रायन मॅकाय यांनी एकमेकांपासून दूरच्या भाषांतल्या शिव्या तपासल्या, त्यात हिंदीही होती. शिव्यांमध्ये य, र, ल, व या जातीचे आवाज कमी असतात असं त्यांना आढळलं. आपल्या व्याकरणात यांनाच अंतःस्थ म्हणतात, माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय. मग त्यांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना बनावट शब्दांच्या जोड्या ऐकवल्या आणि यातली शिवी कोणती असेल असं विचारलं. अंतःस्थ असलेला शब्द लोकांनी कमी वेळा निवडला. इंग्रजीतल्या सौम्य केलेल्या शिव्यांत हे आवाज मूळ शिवीपेक्षा जास्त असतात, असंही त्यांनी दाखवलं. "च्यायला" आणि "मायला" बघा, शेवटी काय उरलं? य आणि ल. पण मराठीत याला अपवादही भरपूर आहेत. हलकट, नालायक, साला, मेल्या या सगळ्यांत ल आहे. मराठी शिव्यांचा असा ध्वनींच्या अंगानं अभ्यास कुणीतरी करायला हवा, मला स्वतःला तो करायचाय.

सांगायचं हे की हवेत सोडलेली शिवी आणि समोरच्यावर फेकलेली शिवी या व्याकरणातही वेगळ्या आहेत. एकीत "तुझ्या" नसतं, दुसरीत असतं. ठरावात "तुझ्या"ला दंड लावा, "च्यायला"ला नको.

दख्खनी

वा, अंतःस्थ. मी शहागंजचा, घरात दख्खनी, शाळेत मराठी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, कचेरी उर्दूत चालायची. आमच्याकडं माणूस एका भांडणात तीन भाषा फिरतो. माझं निरीक्षण असं की परक्या भाषेतली शिवी हलकी वाटते. ऑफिसातली पोरं आईसमोर इंग्रजी शिवी बिनधास्त बोलतात, तीच मराठीत बोलायची हिंमत होत नाही.

यावर बोस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांचं २००३ चं काम आहे. तुर्की मातृभाषा असलेल्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना यंत्र लावून त्वचेवरचा बारीक घाम मोजला. निषिद्ध शब्दांनी दोन्ही भाषांत शरीर हललं, पण लहानपणी आई-वडील रागावायचे तसली वाक्यं तुर्कीत ऐकवली तेव्हा फरक सगळ्यात ठळक दिसला. इंग्रजीत तीच वाक्यं तितकी लागली नाहीत. ज्यां-मार्क देवाल यांनीही शेकडो बहुभाषकांना विचारून हेच मांडलं की मातृभाषेतली शिवी सगळ्यात जड असते.

म्हणून गोदाकाठ भाईंच्या वडिलांच्या तोंडून मराठीच शिवी निघणार. आणि ऐकणाऱ्यालाही ती तेवढीच लागणार.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परवाच परभणीला थेरपिस्टना दाखवलं. वाचावेल ताई म्हणाल्या तसंच त्यांनीही सांगितलं, डाव्या हातानं ताल धरून सराव सुरू झालाय. ओट्यावरच्या मंडळींना प्रार्थना आणि शिवी सोबत गेलेल्या त्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. दोघं-तिघं गप्प झाले, एक जण म्हणाला "असं असेल तर देवाचीच करणी."

पण दख्खनी भाईंचं शेवटचं वाक्य वाचून एक गोष्ट विचारतो, जी आधी लिहिली नव्हती. बाबांचं सगळं करायला एक मावशी येतात. अंघोळ, कूस बदलणं, सगळं. गेल्या आठवड्यात बाबांच्या तोंडून त्यांच्याकडं बघून शिवी निघाली, आणि तिच्यात जातीचं नाव होतं. मावशी काही बोलल्या नाहीत, काम करून गेल्या. मी सुन्न झालो. मेंदूचा दोष म्हणून हेही सोडून द्यायचं का?

निळी पहाट

नाही. सोडून द्यायचं नाही.

तुमच्या वडिलांवर राग धरा असं मी म्हणत नाही. वाचावेल ताईंनी सांगितलंय ते मला पटतं, त्या क्षणी ते शब्द निवडत नाहीत. पण मग ते शब्द तिथं आले कुठून? ताईंनीच लिहिलंय, कानावर पडलेलं साठतं. आपल्या गावागावांत माझ्या माणसांच्या जातीचं नाव हीच शिवी म्हणून वापरली गेली. वस्त्यांना तीच नावं, आणि ती बदलायचा निर्णय राज्य सरकारनं घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला तेव्हा मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली, नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या वर्षांत हे शब्द किती तोंडांतून किती कानांवर पडले असतील? तुमचे बाबा त्याच काळात जगले.

वर थंड पाण्याच्या प्रयोगाबद्दल वाचलं. दुखऱ्या माणसाची शिवी त्याला बळ देते, ठीक. पण जातीवरून दिलेली शिवी हवेत सोडताच येत नाही. ती ऐकणाऱ्याच्या आई-वडिलांपर्यंत, पोराबाळांपर्यंत जाते. म्हणूनच १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार जातीच्या नावानं लोकांसमोर शिवीगाळ करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "रागात तोंडातून गेलं" हे आम्ही फार ऐकलंय.

आजारी माणसाची जबाबदारी नसेल, पण घराची आहे. मावशींशी बोला. वडिलांच्या वतीनं माफी मागा, आजार काय आहे ते त्यांना समजावून सांगा, आणि त्यांना काम सोडायचं असेल तर पूर्ण पगार देऊन मोकळं करा. "मावशी समजूतदार आहेत" असं म्हणून गप्प बसू नका. समजूतदार राहण्याचं काम दर वेळी त्यांच्यावरच का?

मांजराकाठची

निळी पहाट, पूर्ण सहमत. आणि कपाशी दादा, तुमच्या ठरावात आई-बहिणीच्या सोबत जातीचं नावही लिहून घ्या. ठराव वाचून दाखवायच्या दिवशी बायका ग्रामसभेला हजर असल्या पाहिजेत, हेही बघा. नाहीतर कुणावरून शिवी द्यायची नाही हे पुन्हा पुरुषच ठरवतील.

कपाशी

लिहून घेतो ताई. महिला सभा आधी लावतो मग ग्रामसभा. दंडाची पावती कुणी फाडायची हे अजून ठरंना. सरपंचाचाच पोरगा सगळ्यात जास्त शिव्या देतो.

गोदाकाठ

काल मावशींशी बोललो. ताई पण होती. माफी मागितली, आजार समजावला. त्या म्हणाल्या, त्यांना दुखणं माहीत होतं, त्यांच्या सासऱ्यांचंही असंच होतं. पण आमच्यापैकी कुणी दोन शब्द बोलायला आलं नाही याचं त्यांना जास्त वाईट वाटलं होतं. काम सोडायचं नाही म्हणाल्या. एकच अट घातली. बाबांच्या तोंडून पुन्हा तो शब्द आला तर घरातल्यानं तिथल्या तिथं, बाबांना ऐकू जाईल असं, "बाबा, हे बोलायचं नाही" असं म्हणायचं. मावशींच्या मागं नाही, त्यांच्या समोर. मी हो म्हणालो. वाचावेल ताई, यानं बाबांना काही अपाय तर होणार नाही ना?

वाचावेल

नाही होणार. बाबांना समजतं, असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा मावशींची अट रास्त आहे. मी आधी लाजवू नका म्हणाले ते दुखण्यातून निघालेल्या शिवीबद्दल. इथंही ओरडायचं नाही, सावकाश आणि एकदाच सांगायचं. नंतर लगेच त्यांना सुरात म्हणता येईल असं काहीतरी द्या. मावशींना ते काय हाक मारायचे? "मावशी" हेच तालावर बसवा, मा-व-शी, डाव्या हातानं तीन ठोके. रोज अंघोळीच्या आधी दहा वेळा, मावशींच्या समोर. सुरुवातीला तुम्ही सोबत म्हणा, मग आवाज कमी करत जा. पुढच्या महिन्यात कसं चाललंय ते इथंच कळवा.